काकूंचं ‘काहीतरीच’

धायरीत फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने पार्किंग दाखवलं, पाण्याची टाकी दाखवली, लिफ्ट कुठल्या कंपनीची तेही सांगितलं. वरच्या मजल्यावर कोण राहतं हे सांगितलं नाही. राहायला आल्यावर गच्चीत जाताना मी त्या दारावरची पाटी वाचली आणि जिन्यातच थांबलो. माझ्या लहानपणी वडील लायब्ररीतून दिवाळी अंक आणायचे. अंक घरात आला की मी तो मागून उघडायचो, कारण शेवटच्या पानावर या माणसाचं चित्र असायचं. खाली सही असायची. तीच सही आता पितळी पाटीवर होती, आणि पाटीखाली दुधाची पिशवी लटकत होती.

त्यांची काही चित्रं मला अजून जशीच्या तशी आठवतात. एका चित्रात भली मोठी रांग आहे. शेवटचा माणूस मागे वळून पाहतोय, आणि मागे कोणीच नाही म्हणून त्याचा चेहरा पडलाय. दुसऱ्यात सोसायटीची सभा आहे. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि आलेल्या एकट्या माणसाला सेक्रेटरी न येणाऱ्यांबद्दल झापतायत. खाली मजकूर नाही. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार झालो तेव्हा कळलं की त्यात विनोद फारसा नव्हता, ते जसं घडतं तसं काढलेलं होतं.

मी एका कारखान्यात कॉस्टिंग पाहतो. एखादी वस्तू कशाकशाची बनली आणि त्यात वाया काय गेलं हे शोधायचं, एवढंच माझं काम. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण काकांचं (शेजार झाल्यापासून मी त्यांना काकाच म्हणतो) चित्र मी माझ्या पद्धतीने तपासून पाहिलंय. एकेक रेघ अंगठ्याने झाकायची आणि विचारायचं, ही नसती तर चाललं असतं का? कधीच चाललं नसतं. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं कमी वाया घालवणारं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

काका खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढले. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. काकाही पुढे तिथेच ड्राफ्ट्समन झाले. दिवसभर यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची आणि घरी आलं की माणसांची. चित्रांबरोबर लिहायलाही लागले. त्यांचं पहिलं पुस्तक क्वार्टर्समधल्या एका नळाबद्दल आहे. नळ एक आणि घरं आठ, एवढ्यावर अख्खं पुस्तक. त्यानंतर सोळा पुस्तकं झाली.

“शेजारी रागवायचे नाहीत?” मी एकदा विचारलं होतं.

“रागवायचे ना. चित्र छापून आलं की संध्याकाळी तोच माणूस दारात. मग मी शिकलो. नाक एकाचं घ्यायचं, पोट दुसऱ्याचं, चालणं तिसऱ्याचं. दारात यायला कोणाला हक्कच उरत नाही.”

“पण माझ्या वडिलांची मिशी मात्र सबंध घेतली,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्या मिशीपासूनच त्यांच्या घरातली पद्धत सुरू झाली होती. लग्न नवं होतं. काकांनी चित्र दाखवलं, काकूंनी त्यात स्वतःच्या वडिलांची मिशी ओळखली, “काहीतरीच!” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. तेव्हापासून प्रत्येक चित्र आधी ओट्यावर जायचं. काका ते मिक्सरशेजारी ठेवणार आणि काही न बोलता बाल्कनीत जाऊन बसणार. काकू हातातलं काम न थांबवता एक नजर टाकणार. “बरं आहे” म्हणाल्या तर चित्र पुन्हा काढायचं. “छान आहे” म्हणाल्या तर फाडायचं. “काहीतरीच!” असं आतून आलं, तरच ते संपादकांकडे जायचं. मोठमोठ्या सभांमध्ये हार घातलेला हा माणूस बाल्कनीत बसून स्वयंपाकघराकडे कान लावतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा प्यायचा विसरलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा.

दिवाळी अंकाची चित्रं गणपतीच्या आसपास द्यावी लागतात. त्याच्या दोनेक महिने आधी संपादकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता. संपादक फार आदराने बोलत होते. म्हणाले, काका, आपण त्रास घेऊ नका. आपलं एखादं जुनं चित्र पुन्हा छापू, वाचकांना आनंदच होईल.

“शिळं वाढायचं तर पंगत बसवायची कशाला?” काका म्हणाले. “नवं देईन. नाही जमलं तर पान दुसऱ्या कुणाला द्या. आणि मग ते कायमचंच द्या.”

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खजिनदार, तुमच्या ऑफिसात पाठकोरे कागद असतात का हो?”

असतात. मी साहेबांना विचारून गठ्ठा आणून दिला. काका डाव्या हातात पेन्सिल धरून रेघा मारायला लागले. चित्र नाही, नुसत्या रेघा. आडव्या, मग उभ्या, मग तिरक्या. खडकीत नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी हेच करायला दिलं होतं, म्हणाले. सतरा पुस्तकांचा धनी, सत्तरी ओलांडलेला, आणि सकाळी चहा झाला की शिकाऊ पोरासारखा रेघा मारत बसायचा. मी कामावर जाताना वर डोकावायचो. परत येईपर्यंत गठ्ठा उतरलेला असायचा. रेघ थरथरायची, वाट सोडायची, पुन्हा वाटेवर यायची. त्यांनी एकदाही “जमत नाही” म्हटलेलं मी ऐकलं नाही. घाईही केली नाही.

मग त्यांनी पहिलं चित्र काढलं. व्यायाम शिकवायला येणारा तरुण आणि त्याच्यापुढे हात वर करू पाहणारे ते स्वतः. काठी टेकत जाऊन ते ओट्यावर ठेवलं आणि बाल्कनीत येऊन बसले. मी कागद द्यायला आलो होतो, मीही बसलो.

आतून आवाज आला, “छान झालंय हो!”

काका म्हणाले, “उद्यापासून कागद नकोत, खजिनदार.”

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठलं. पेन्सिल कपाटात गेली होती. काका टीव्हीसमोर बसून होते आणि टीव्ही बंद होता.

“मी काय करू सांगा. चित्र बघितलं आणि मला यांचा हातच दिसला. विनोद दिसलाच नाही. तोंडातून निघून गेलं.”

“काकू, पुढच्या वेळी ‘काहीतरीच’ म्हणून टाका की,” मी म्हणालो. मला तो साधा उपाय वाटला.

“अहो, इतकी वर्षं संसार केलाय. यांना कळणार नाही? आणि नाहीच कळलं, तर ते जास्त वाईट. मग यांच्याजवळ खरं सांगणारं कोण राहिलं?”

मी माझा उपाय परत घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यात काकांना तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी माझी. मी वर गेलो तर दार उघडंच होतं. काकू काकांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला आणि दोन्ही हात गुंतलेले, म्हणून काकांनी डाव्या हाताच्या बोटाने तो चष्मा जागेवर धरून ठेवला होता. काकूंच्या जिभेचं टोक ओठांतून बाहेर डोकावत होतं, सुईत दोरा ओवताना असतं तसं. दोघंही इतकी कामात होती की मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली तेव्हा काका मागून म्हणाले, “खजिनदार, वर एक बटण उरलंय आणि खाली एक काज. तुमच्यात याला काय म्हणतात?”

“ताळा चुकला म्हणतात.”

“गप्प बसा दोघं,” काकू म्हणाल्या. “उद्यापासून टीशर्ट घाला.”

“टीशर्टात हात कोण घालणार? तो तर संपावर आहे.”

काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. झटका आल्यापासून काकू त्यांना ओरडल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तीन-चार दिवसांनी काकांचा फोन आला. “वर या. बसायला सोबत हवी.”

मी गेलो. काका ओट्यावर नवं चित्र ठेवून काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. आत मिक्सर फिरत होता, चटणीचा वास येत होता. आम्ही बाल्कनीत बसलो. काकांचा डावा हात काठीच्या मुठीवर होता. बोटं हलत होती, थांबत होती. संपादकांनी दिलेली मुदत परवाची होती. हे चित्र गेलं नाही तर ते पान गेलं, आणि पान गेलं तर पेन्सिल पुन्हा कपाटातून निघणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मिक्सर थांबला.

बराच वेळ आतून काही आलं नाही. मी काकांकडे बघायचं टाळलं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टुकटुक वाजत होतं.

“काहीतरीच!”

काकू चित्र हातात घेऊन बाल्कनीच्या दारात आल्या होत्या. दुसऱ्या हाताला चटणी लागलेली. “माझी जीभ कधी असते बाहेर? सांगा ना, कधी असते? दिवाळीला जगभर दाखवणार का ही जीभ?”

काकांनी डोळे मिटले.

काकूंच्या हातातलं चित्र मला दिसत होतं. एक बाई, एक माणूस. ती त्याची बटणं लावतेय, तो तिचा चष्मा धरून आहे आणि छताकडे बघतोय. प्रत्येक बटण एक घर चुकलेलं. पूर्वीच्या चित्रांत असायच्या त्याच्या निम्म्याही रेघा नव्हत्या, आणि होत्या त्या थरथरत होत्या. पण शर्ट अंगावर ढिला पडलाय ते त्या थरथरीतच दिसत होतं, आणि काकूंच्या हातांचं वयही. मी सवयीने मनातल्या मनात एकेक रेघ झाकून पाहिली. एकही काढता येईना. डाव्या हाताने, दोन महिन्यांत.

“खजिनदार, संपादकांना फोन लावा,” काका म्हणाले.

“आधी ती जीभ आत घ्या,” काकू म्हणाल्या.

“जीभ राहणार.”

“मग मी नाही देत जा चित्र.” आणि काकू ते घेऊन स्वयंपाकघरात परत गेल्या.

मी फोन हातात घेऊन थांबलो. काकांनी मानेने लावा म्हणून खुणावलं. आतून पाण्याचा आवाज आला नाही, भांड्याचा आला नाही. चटणी अर्धवटच होती, तरी मिक्सर पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागला.