चालीतला भोंगा

अभंगाच्या शेवटच्या ओळीत संताचं नाव असतं. चाल लावणाऱ्याला तशी जागा कुणी ठेवलेली नाही. गाणारे बदलतात, ऐकणारे बदलतात, आणि बघता बघता चाल पोरकी होते. लोक म्हणतात, चाल सगळ्यांची झाली यातच मोठेपण. ते मोठेपण तुमच्याकडेच ठेवा. मला माझी चाल माझी म्हणून पाहिजे.

मी चौथी नापास. कंपनीत लेथवर होतो. आमचं भजन गावच्या देवळात, कंपनीच्या भिंतीला लागून. भजन रंगात आलं की नेमका शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजायचा. सगळा सूर मोडायचा. मग मी चिडून एका अभंगाची चालच तशी बांधली. दुसऱ्या कडव्यात भोंग्यापुरतं थांबायचं, तो बंद पडला की वरच्या सुरात उचलायचं. आजूबाजूची भजनी मंडळं ती चाल गायला लागली, थांब्यासकट. ज्यांच्या गावात भोंगा ऐकूही येत नव्हता, तीसुद्धा तिथं थांबायची!

कंपनी कधीच बंद झाली. आता मी मुलाकडं असतो, पिंपळे सौदागरला. गेल्या एकादशीला सोसायटीच्या हॉलमध्ये एक तरुण गायक आला. म्हणाला, "आता एक पारंपरिक चाल."

सुरुवात ऐकली आणि मी उभाच राहिलो. "पारंपरिक न्हाई. माजी हाय."

सुनेनं सदरा ओढला. "मामा, बसा ना खाली."

गायक हसला. "आजोबा, माझ्या गुरूंनी पारंपरिकच सांगितली."

"मग दुसऱ्या कडव्यात मधीच का थांबत्यात, ते सांगितलं का गुरूनं?"

"ती ध्यानाची जागा आहे."

"ध्यान कसलं राव! कंपनीचा भोंगा हाय त्यो!"

सगळे हसले. "आपण नंतर बोलू," म्हणत त्यानं पेटी पुढं ओढली.

गायला चांगला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कडव्यात थांबला, डोळे मिटले. हॉल चिडीचूप. मी छाती भरून घेतली आणि तोंडानं भोंगा वाजवला, शिफ्ट सुटल्यासारखा, लांबलचक. माझा भोंगा संपला आणि त्याचा वरचा सूर बरोब्बर तिथंच लागला. आमच्या जुन्या मंडळातला म्हातारा पखवाजवाला आता इथंच लेकाकडं असतो; तो मागून ओरडला, "व्हय रं, आसंच हुतं!"

घरी आल्यावर सून दारातच म्हणाली, "पुढच्या एकादशीला घरीच बसा."

"त्यानं माजं नाव घेतलं तर बसतो."