दोघांचा ऑर्गन, एकटीचं घर

शनिवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ती चर्चमध्ये ऑर्गनच्या पट्ट्या पुसत होती. ती शाळेचे गणवेश शिवते. वय बावन्न, लग्न केलेलं नाही. हा जुना ऑर्गन एकट्याने वाजत नाही. ती वाजवते आणि मागे उभे राहून हवेचा भाता ओढतात ते घड्याळं दुरुस्त करणारे, सगळ्यांचे घड्याळवाले. ते विधुर आहेत. आदल्या संध्याकाळी सरावानंतर त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं.

आज घरून निघताना शेजारी राहणाऱ्या वहिनीने अडवलं होतं. "माणूस सोन्यासारखा आहे."

"आहेच. म्हणून लगेच घडवून गळ्यात घालायचा?"

पण नकार ऐकून ते यायचेच थांबले, तर? ही भीती मनात होतीच.

घड्याळवाले आले, तशी ती उठून उभी राहिली.

"तुमच्यात खोट नाही. मनाने होकार द्यावा म्हणून प्रार्थना करून पाहिली. पण माझी खोली, माझं मशीन, संध्याकाळचं वाचन, यात मला काही कमी वाटत नाही. देवाने मला पुरेसं दिलंय."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?"

"मलाही वाटतंय."

"भाता कुणाकडे देणार? पाळकसाहेबांना दुसऱ्या ओळीलाच धाप लागते."

"तुम्ही असताना त्यांना कशाला त्रास?"

ते मागे गेले. हवा भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ती पट्ट्यांवर बोटं ठेवून थांबली.

उद्या उपासना आठ वाजता आहे. पहिलं गीत चार कडव्यांचं आहे आणि भात्यावर घड्याळवाले आहेत.