प्रमिलाअक्काचं बंद दार

माझी थोरली जाऊ प्रमिलाअक्का हिच्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. सोनगीरला आमचं एकत्र घर, सासरे चुडामण आबा यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. अक्का कामाला कधी मागे सरली नाही, पण बोलायची मोजकंच. बाई कमी बोलते म्हणजे काहीतरी लपवते, असं माझं ठाम मत. ते अजूनही फारसं बदललेलं नाही.

आणि लपवण्यासारखं निघालंच की. सत्त्याऐंशी साली तिची आई धरणगावला वारली. जाता जाता लेकीला सांगून गेली, की तुझा बाप आपल्यातला नव्हता, कोकणातला बेने इस्रायल होता, म्हणजे यहुदी. सॅमसन त्याचं नाव. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कामावर मिस्त्री म्हणून आला, इथलीच बायको केली आणि अक्का लहान असतानाच वारला. पुढे मामांनी तिला वाढवलं आणि बापाचं नाव घरात कुणी काढलं नाही. लग्न जमवताना आबांना 'बाप कोकणातला होता' एवढंच सांगितलं.

आम्हाला हे सगळं नंतर कळलं. आधी आला तो दसरा. संध्याकाळी आबा आपट्याची पानं घेऊन थोरल्या सुनेच्या खोलीशी गेले, तर दार आतून बंद. खूप हाका मारल्यावर तिनं ते जरासं उघडलं. अंगावर पांढरं लुगडं, सकाळपासून पोटात पाणी नाही, आणि आबांनी पुढे केलेल्या सोन्याला ती हात लावेना.

"नवरा जित्ता शे ना तुना? आजना दिनले पांढरं लुगडं?" आबा ओरडले. तिनं दार पुन्हा लावून घेतलं.

माझा नवरा म्हणाला, डोकं फिरलंय. मी म्हटलं, डोकं कसलं, करणी आहे. दुसऱ्या दिवशी तिनं आईचं बोलणं सांगितलं आणि म्हणाली, बाप वर्षातून एकदा असाच पांढऱ्या कपड्यात दार लावून उपाशी बसायचा, कुणाला शिवायचा नाही. बाहेर लोक पानं वाटत असायचे एवढं तिला आठवत होतं, म्हणून तिनं दसरा धरला. आबांनी बजावलं, "परत आसं करं ते माहेरले जा." माहेर म्हणजे कुठलं? आई गेली, मामा आधीच गेलेले. लीलाधरभाऊ, म्हणजे अक्काचे यजमान, खाली मान घालून बसले. बायकोचं घर सुटायची वेळ आली तरी या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना, याचा मला भारी राग आला.

शेवटी धुळ्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. ती तिथे काय बोलते ते ऐकून यायला आबांनी मला सोबत धाडलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि मागच्या खोलीत इंदिराबाईंकडे पाठवलं. या बाई औषध देत नसत, नुसतं बोलत. नुसतं बोलण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. धर्म बदलायला लावतील, नाहीतर तिला इस्रायलला धाडतील, असं माझ्या मनानं घेतलं.

बाई म्हणाल्या, "प्रमिलाताई, मला ज्यू लोकांची फारशी माहिती नाही. चुकले तर सांगा." आता ज्याला माहिती नाही तो बरं काय करणार? दर खेपेला त्या अक्काला बापाबद्दल विचारायच्या. तो काय खायचा, कसा हसायचा. अक्का सांगायची आणि रडायची. तू हिंदू की यहुदी, हा प्रश्न त्यांनी एकदाही केला नाही. मला तोच विचारायचा होता.

अक्काची परवानगी घेऊन त्यांनी मुंबईच्या एका बेने इस्रायल नर्सबाईंकडे चौकशी केली. तो दारफळणीचा सण निघाला, म्हणजे दार लावून, उपाशी राहून देवाकडे माफी मागायचा दिवस. पण तो त्यांच्या पंचांगानं येतो, दरवर्षी दसऱ्यालाच नाही. येत्या वर्षी गणपतीत होता.

"बघा, दिवससुद्धा धड माहीत नाही!" मी म्हटलं.

इंदिराबाई माझ्याकडे वळल्या. "बेबाताई, तुमच्या कानबाईच्या नैवेद्याचा रोट शेजाऱ्यांना देता?"

"देवना रोट शे तो! भाऊबंदच खातस."

"त्यावरून कुणी तुम्हाला वेडं ठरवलं?"

"कोनी हिंमत शे?"

सोनगीरच्या एस्टीत मी अक्काकडे पाठ करून बसले. मला कोंडीत पकडलं होतं आणि ते मला कळत होतं.

शेवटच्या खेपेला अक्का म्हणाली, "एक दिवस बापाची होईन, बाकी वर्षभर या घरचीच." तर बाई म्हणाल्या, "त्या दिवशी या घरच्या नसता का?"

गणपतीत तो दिवस आला. अक्कानं दार लावलं. नजर ठेवायला मी बाहेर बसले आणि दुपारी फटीतून पाहिलं. पांढरं लुगडं, भिंतीकडे तोंड, आणि ओठ भराभर हलत होते. मंत्रच होते ते, दुसरं काय असणार?

तेवढ्यात आबा आले. बरोबर लिंबं आणि कडुनिंबाचा डहाळा घेतलेला भगत. झाडून घ्यायचं, नाहीच उतरलं तर आजच हिला घराबाहेर काढायचं, असं ठरवूनच आले होते. भगतानं कडीला हात घातला. मी बाजूला झाले असते तर कुणी मला काही म्हणणार नव्हतं. पण तो हात पाहून माझं टाळकंच सरकलं.

"हात काढ! मझार आमना कुळाचार चालू शे. भाहेरनं मानुस चालस नही."

कुळाचार मोडायचं पाप आबांनाही नको होतं. ते भगताला घेऊन गेले.

चांदण्या दिसल्यावर अक्कानं दार उघडलं. मी पाणी दिलं, पण संशय काही सुटला नव्हता. विचारलंच, "दिनभर काय म्हनी ऱ्हायंती?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "माले काय येस, बेबा? बापना व्हट हालेत, आवाज ये नही. त्यानी माले कव्हयच सांगं नही. मी बी नुसता व्हट हालावात."

अख्खं घर जिच्या मंत्रांना भीत होतं, तिला एक शब्दही येत नव्हता. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि तिचा हात धरून रडले.