तबकडीतलं मडकं

माडीच्या रिकाम्या मडक्याचा आंबूस वास आला की मला ती अमेरिकन तबकडी आठवते. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. किहीमच्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्याकडून ग्रामोफोन आणला होता, ही तबकडी त्याच्याबरोबरच आलेली. मला बघायला मुलीकडचे पाहुणे आले, म्हणून ऐट दाखवायला तो लावला. बॅन्जो, फिडल, आणि मागे कुणीतरी मोठ्या बुधल्यात फुंकून सूर घुमवत होता. माझे वडील माडी काढायचे. माडावर चढण्याआधी असंच मडक्यात फुंकून तडा ओळखायचे. ते ओटीवरून धावत आत आले. "आरं, यो त मडकाच फुकतंय!" कोपऱ्यातलं मडकं उचलून त्यांनीही सूर धरला, अगदी तालात. पाहुणे हसले. "तुमचे वडील साहेबाच्या बाजात शोभतील हो!" मी म्हणालो, "बाबा, पुरे. ठेवा ते." त्यांनी ठेवलं. लग्न जमलं. त्यानंतर वडील मडकी बोटाने वाजवून पारखू लागले. फुंकताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तबकडी मी अजून लावतो. फार काही वाटत नाही. मडकं घुमायला लागतं तिथे मात्र सुई उचलून ठेवतो.