काकूचा तांब्या
पाण्याच्या बाटलीचं सील कडकन तुटलं की मला कुही तालुक्यातल्या माझ्या माहेरची ती सभा आठवते आणि डोकं फिरतं. जमिनीत खोलवर भोक पाडून आतल्या उष्णतेवर वीज करायची योजना होती आणि ती समजावून सांगायला नागपूरहून भूगर्भशास्त्राचे एक मोठे तज्ज्ञ आले होते. धान नुकतंच कापून झालं होतं, मंदिरापुढच्या मांडवात ताज्या तणसाचा वास भरला होता. आल्या पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, म्हणून माझ्या काकूनं विहिरीच्या गार पाण्यानं भरलेला तांब्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत ते बालवाडीतल्या पोरांशी बोलावं तसे गावाशी बोलत होते. शेवटी काकूनंच विचारलं, "साहेब, इतकं खोल खोदल्यावर आमच्या विहिरीचं पाणी तं नाही बिघडणार?" "काही होत नाही हो मावशी, उगाच घाबरता तुम्ही लोक," असं म्हणत साहेबांनी पिशवीतून विकतची बाटली काढली, सील तोडलं आणि घटाघटा प्यायले. काकू शांतपणे म्हणाली, "आज पाणी चांगलं हाय, तरी तुम्ही पिऊन नाही राहिले. मंग उद्याच्या पाण्याचं आमाले काहून सांगून राहिले?" सगळा मांडव हसला, साहेब तेवढे हसले नाहीत. परवा नागपुरात धरमपेठेतल्या एका व्याख्यानात तेच साहेब भेटले. गावकऱ्यांचा विरोध निव्वळ अज्ञानातून येतो, असं त्यांनी सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. पुढ्यातला तांब्या ज्याला दिसला नाही, त्याला म्हणे जमिनीच्या पोटातलं सगळं दिसतं!