नव्वद दिवसांचं तामाले

माझ्या नवऱ्याची आत्या रफातू, हिला आमच्या ओग्बोमोशो शहरात सगळे ‘घाना आत्या’ म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कौतुकाने म्हणत असतील. मग कळलं, तिच्या योरुबा बोलण्याला तिकडचा हेल होता आणि बाजारातल्या बायका तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायच्या.

आत्या जन्मली ती घानाच्या उत्तरेला, तामालेत. तिचे वडील तरुणपणी इथून तिकडे इनॅमलची भांडी विकायला गेले आणि तिकडचेच झाले. तेव्हा दोन्हीकडे राज्य इंग्रजांचं होतं, तू कुठला म्हणून कुणी विचारत नसे. पुढे आत्याने दुकान सांभाळलं. ऐन तरुणपणी विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. पण शेजारच्या गाळ्यात तियुंबा होती. तियुंबा तिथल्याच दागोंबा लोकांपैकी, तोंडाने फटकळ, शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी विकायची. दोघी एका ताटात जेवत.

एकोणसत्तर साली तिथल्या सरकारचा हुकूम निघाला. ज्या परक्यांकडे राहण्याचा परवाना नसेल, त्यांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. रेडिओवर हे ऐकलं तेव्हा आत्या भांडी पुसत होती. हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं तिला वाटलं. संध्याकाळी शेजारच्या पोरांनी दुकानावर दगड मारला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

तियुंबा तिच्या घरी आली ती तरातरा.

“माझ्या नवऱ्याशी निकाह लाव,” ती म्हणाली. “सवत हो माझी. मग बघते कोण काढतंय तुला.”

“आणि नवऱ्याला विचारलंस का?”

“त्याला काय विचारायचं? सांगायचं.”

आत्या हे सांगताना हसायची. पण तेव्हा तिला हो म्हणता येईना. घरात म्हातारे वडील होते. त्यांना एकट्यांना सीमेपार कोण नेणार? भांडी मिळेल त्या भावात देऊन टाकली आणि ती वडिलांना घेऊन ट्रकवर चढली. ओग्बोमोशो तिने त्याआधी पाहिलंही नव्हतं. वर्षभरात वडील गेले. ती मात्र आधीच इकडे परतलेल्या भावाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घरात राहिली, पाहुणीसारखी अंग चोरून.

तिची ओढ मी रोज पाहत होते. स्वयंपाकाला बसली की म्हणायची, तिकडच्या मक्याच्या उकडीला वेगळीच चव. धुळीचे वारे सुटले की दारात उभी राहून वास घ्यायची. सासूबाई चिडवायच्या, “धूळसुद्धा तुझ्या तामालेची बरी का गं?” आत्या हो म्हणायची, अगदी मनापासून.

मग त्र्याऐंशी साल उजाडलं आणि आमच्या सरकारनेही तसाच हुकूम काढला. आता घानाच्या लोकांना जायला सांगितलं, मुदतही तेवढीच. गाद्या, पंखे, शिवणयंत्रं लादलेले ट्रक आमच्या रस्त्याने दक्षिणेकडे जाऊ लागले. आमच्या आळीत काहीजण म्हणाले, बरं झालं, उट्टं निघालं. आत्याने मोठं पातेलं चढवलं, मला पाण्याचे हंडे घ्यायला लावले आणि आम्ही ट्रकतळावर गेलो.

तिथे एका ट्रकमधून कुणी बाई बाळाला रागवत होती, दागोंबांच्या भाषेत. आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती त्या बाईशी बोलायला लागली. इतक्या भरभर बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ट्रक सुरू झाला तशी ती फळीला धरून बरोबर चालू लागली. आतल्या माणसांनी हात पुढे केले, वर ओढून घ्यायला. मी तिची ओढणी घट्ट धरली. सीमा बंद होती; तिकडच्या माणसांसाठी उघडली असती तरी तिला कुणी आत घेतलं नसतं. ट्रक पुढे गेल्यावर ती मला म्हणाली, “सोड आता.” एवढंच.

काही वर्षांनी सीमा उघडली. आमच्या भागातल्या देशांचा एकमेकांत करार आधीच झालेला होता: व्हिसाशिवाय जावं आणि नव्वद दिवस राहावं. मी आत्याला घेऊन गेले. तियुंबा त्याच बाजारात बसली होती, केस पिकलेले. तिने वर पाहिलं, हातातलं लोणी बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “किती उशीर केलास.” मग दोघी रडल्या.

ते दिवस भुर्रकन गेले. तियुंबा काही आत्याला निघू देईना. शेवटी दोघी सरकारी कचेरीत गेल्या, मी मागोमाग. साहेब सभ्य होता. आई, बाप, आजी, आजोबा, यांतलं कुणी घानात जन्मलेलं का, असं त्याने विचारलं. आत्या म्हणाली, “मी जन्मले.” तो म्हणाला, “तेवढ्याने होत नाही, आई. राहण्यासाठी अर्ज करा, मी पुढे पाठवतो.”

“जिथं माझी नाळ पुरली, तिथं राहू देता का म्हणून विचारू?” आत्या म्हणाली आणि उठली. तियुंबाने बाहेर येऊन तिला खूप झापलं. पण आत्याने अर्ज केला नाही, तो नाहीच.

मुदत संपताच आम्ही परतलो; पुढे ती अधूनमधून नव्वद दिवसांसाठी जात राहिली. शेवटी गुडघे धरले आणि तिचं जाणं संपलं. मग एका कोरड्या ऋतूत तियुंबाच आमच्याकडे आली, त्याच कराराने. आमच्या जेवणाला नावं ठेवली, माझ्या सासूबाईंशी भाषा येत नसताना भांडली, आणि रोज दुपारी आत्याबरोबर ओसरीत पडून बोलत राहिली. घरात कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. हसू तेवढं ऐकू यायचं.

तियुंबाची नव्वद दिवसांची मुदत संपली. तिला पोचवायला आत्या काठी टेकत ट्रकतळापर्यंत गेली. त्यानंतर दोघी भेटल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात आत्या मला दागोंबांची ती भाषा शिकवायला लागली. कुणीतरी घरात बोलणारं हवं, म्हणायची. मी सुनेच्या कामाच्या धबडग्यात मनापासून शिकले नाही. ‘पाणी’ आणि ‘ये, बस’, एवढेच शब्द मला आले. ती तेवढ्यावरच खूश व्हायची, त्या भाषेत पुन्हा पुन्हा पाणी मागायची.