पानावरची पुसट सावली

वैशाखातली सकाळ होती. साडेआठच्या सुमारास फाटकाची कडी वाजली तेव्हा मी व्हरांड्यात ऑर्किडच्या मुळांवर पाणी शिंपडत होते. फाटकाशी शहराबाहेरच्या वाडी गावच्या सुमनबाई उभ्या होत्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या घरमालकीण. त्या पूर्वी कधी आमच्याकडे आल्या नव्हत्या. त्यांना पाहताक्षणीच मला कळायला हवे होते, पण मी म्हटले, "बसा, चहा टाकते." त्या बसल्या नाहीत. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "बाई, काकाजी सकाळी उठलेच नाही. मी चहा घेऊन गेली, दोनदा आवाज देला... मले वाटलं, झोपून राहिले." मी हातातली झारी नेहमीच्या जागी, कोनाड्यात, नीट ठेवली आणि मगच खुर्चीचा हात धरला.

नातवंडांनो, माझ्या या दिरांना तुम्ही एकदाच भेटलात. दोन वर्षांपूर्वी तुम्ही नागपूरला आला होतात, तेव्हा तुमचे मराठी ऐकून "हे पोट्टे तं साहेबावानी बोलून राहिले!" म्हणत जे खो खो हसले, ते विनूआजोबा. हा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आला की मी कात्रण पाठवीन. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनाही यातले काही ठाऊक नाही. तुमच्या बर्फाच्या गावी विनूआजोबांना ओळखणारे कुणी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे आजोबा आणि विनूभाऊजी दोघे खाप्याचे. कन्हान नदीच्या काठी वाढले. आजोबा शिकून इंजिनिअर झाले आणि त्यांची बोली शहरात धुऊन निघाली. भाऊजी मात्र अखेरपर्यंत खाप्याचेच बोलले. त्यांनी लग्न केले नाही. लकडगंजमधल्या एका टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, ते लाकडाचे माप घ्यायचे आणि धरमपेठेत आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहायचे. जंगलातून ट्रक आला की त्यातल्या एखाद्या ओंडक्याच्या सालीला पट्ट्यासारख्या पानांचे, पांढरट दोरीसारख्या मुळांचे एक झाड चिकटलेले असे. लाकूड आरा मशीनच्या करवतीवर चढण्यापूर्वी भाऊजी चाकूने साल खरवडून ते मुळासकट सोडवत आणि पिशवीत घालून घरी आणत. आमच्या अंगणातल्या आंब्याच्या खोडाला काथ्याने बांधत. असे करता करता सात-आठ झाडे झाली. "जंगल तुटलं, तं हे कुठं जाईन?" एवढेच त्यांचे म्हणणे. त्याला वांडा म्हणतात, ते एक देशी ऑर्किड आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मी बी.ए. झालेली, इंग्रजी शाळेत शिकवणारी, आणि त्या झाडाला आमच्या घरातल्या सगळ्यांसारखीच बांडगूळ म्हणत होते.

बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडात मुळे रुतवून त्याचाच रस पिणारे झाड. आमच्या आंब्याच्या वरच्या फांद्यांना खरे बांडगूळही लागले होते. अठरा वर्षांपूर्वी ती टाल बंद पडली. भाऊजींच्या पाठीचे दुखणे निघाले आणि ते आठ-नऊ महिने घरीच होते. दिवसभर अंगणात. तुमच्या बाबांची मॅट्रिकची परीक्षा, माझी शाळा, येणारे-जाणारे, आणि या सगळ्यात शांतपणे झाडाशी उभा असलेला एक माणूस... मला त्याचा राग येऊ लागला होता. तो माझा मलाही दिसत नव्हता. थंडी सरता सरता मी माळ्याला बोलावून झाड साफ करायला सांगितले. वरचे बांडगूळ काढून झाल्यावर खोडाच्या वांडाला हात लावत त्याने विचारले, "बाई, हे पण काढू का?" मी म्हटले, "काढ ना. सगळी बांडगुळं काढ. आधी झाडावरची, घरातली मग बघू."

मी हसतच म्हटले होते. माळीही हसला. मी वळले तर नळाशी भाऊजी हात धुवत होते. नळ चालू होता. तो त्यांनी बंद केला, पंच्याला हात पुसले आणि ढिगातून एकेक वांडा वेचून टोपलीत ठेवू लागले. चुकले म्हणायची वेळ तीच होती. मी आत जाऊन वह्या तपासत बसले.

चार दिवसांनी ते आजोबांना म्हणाले, "वाडीले एका गोदामात काम भेटलं, भाऊ. रूमही पाहिली." आजोबांना आनंद झाला. जाण्यामागचे खरे कारण त्यांना मी कधीच सांगितले नाही, भाऊजींनीही नाही. झाडे मात्र त्यांनी नेली नाहीत. म्हणाले, "तिकडं ट्रकची धूळ हाये वहिनी, टिनाचं छप्पर हाये. तिथं जगनार नाही हे. राहू द्या इथंच." जगली तेवढी पाच झाडे लाकडी फळ्यांना बांधून ते आमच्या दारात टांगून गेले.

आता ती झाडे माझ्याकडे आली. मी पद्धतशीर बाई. ग्रंथालयातून ऑर्किडवरचे इंग्रजी पुस्तक आणले, वही केली. पुस्तकात सकाळचे मोकळे ऊन द्या असे होते. मी पूर्वेच्या खिडकीत फळ्या टांगल्या. होळीनंतर भाऊजी प्रथमच आले तर पानांवर काळे, जळके डाग. त्यांनी पान बोटांत धरून पाहिले आणि विचारले, "वहिनी, हे पुस्तक लिव्हनारा कधी चैतात नागपूरले आलता का?" मी हसले. घाबरून पुढे सगळी झाडे मी आतल्या बाजूला कूलरच्या गारव्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. पाने कशी गर्द हिरवी, रसरशीत झाली! मी मोठ्या अभिमानाने दाखवली. ते मान हलवत म्हणाले, "हिरवं लय दिसते, पण हे फुलाचं नाही, फूल नाही येनार याले. उजेडासाठी तडफडून राहिलं ते. पान जरासं पिवळसर पाहिजे." आणि खरोखरच दोन उन्हाळे एकही फूल आले नाही.

तेव्हापासून वर्षातून दोनदा ते झाडांची जागा बदलायला येऊ लागले. फाल्गुनात आंब्यावरून उत्तरेच्या व्हरांड्यात, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, आणि मृगानंतर परत आंब्यावर. चहा घेत, जेवायला थांबत नसत. मला एक युक्ती त्यांनीच शिकवली. "वहीत लिहू नका, हात धरा," म्हणाले. ऐन उजेडात पानाच्या वर वीतभर अंतरावर हात धरायचा. "सावली काळी कुट्ट पडली, तं ऊन जास्त. सावलीच नाही पडली, तं उजेड कमी. हाताची सावली हाये एवढं समजलं, पण बोटं मोजता नाही आली... तेवढाच उजेड पाहिजे झाडाले." मी तरीही ते वहीत लिहिलेच. पुढच्या वैशाखात पहिला तुरा आला. पिवळसर तपकिरी चौकटीच्या पाकळ्या, मधे निळसर जीभ, आणि साऱ्या व्हरांड्यात मंद वास.

त्याच पुस्तकात नंतर मला एक ओळ सापडली होती. हे झाड दुसऱ्या झाडावर राहते, पण त्याच्यापासून काहीही घेत नाही. त्याला फक्त बसायला जागा हवी असते. बाकी सगळे ते हवेतून, पावसातून आणि उजेडातून मिळवते. मी ती ओळ कितीदा वाचली, सांगता येणार नाही. पुढच्या फेरीला भाऊजी फळी बांधत असताना मी सहज बोलल्यासारखे म्हटले, "भाऊजी, हे बांडगूळ नाहीच म्हणे. पुस्तकात दिलंय." सुतळीची गाठ दातांनी आवळत ते म्हणाले, "मले पयलेपासून मालूम होतं, वहिनी. तुमालेच मालूम नव्हतं." आवाजात राग नव्हता. मी चहा आणायला आत गेले. झाडाचा शब्द मी मागे घेतला होता. माणसाचा घेतला नाही.

आजोबा गेले त्याला चार वर्षे झाली. घरात मी एकटीच. या फाल्गुनात भाऊजी आले तेव्हा स्टुलावर चढताना त्यांचे पाय थरथरत होते. मी स्टूल धरून उभी राहिले. म्हटले, "भाऊजी, पुरे आता वाडी. इथेच राहायला या. उत्तरेची खोली मोकळी करते." ते वरूनच म्हणाले, "काहून? झाडं नाही जमत का तुमाले?" मी म्हटले, "झाडांसाठी नाही." यापुढचे वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. अठरा वर्षे ते तयार होते. पण भाऊजी खाली उतरले, हात झटकले आणि हसून म्हणाले, "पाहू. मृगानंतर पाहू." आणि मृगापर्यंत वेळ आहे असे समजून मी ते वाक्य तसेच ठेवले. खोलीला मात्र चुना लावून घेतला, खाट टाकली, खिडकीला नवा चिक आणला.

भाऊजी गेल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांचे सामान आणायला मी रिक्षाने वाडीला गेले. त्यांची खोली मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. सुमनबाईंनी आपल्या घरातल्या बुद्धमूर्तीपुढे त्यांच्या नावाने मेणबत्ती लावली होती. कुलूप काढत त्या सांगत होत्या, "तुमच्याकडून आले का दोन दिस खुश राहत काकाजी. 'घरी जाऊन येतो' म्हनत. हिले कधी घर नाही म्हटलं त्याईनं. रूमच म्हनत."

आत एक खाट, एक ट्रंक, खुंटीवर दोन सदरे. खिडकी एकच, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर गोदामाची उंच भिंत. बाहेर दुपारचे बारा वाजले होते, रस्ता उन्हाने पांढरा झाला होता आणि आत मला खाटेची कड चाचपावी लागली. "समोरची रूम खाली झालती," सुमनबाई दाराशीच थांबून म्हणाल्या. "चांगला उजेड होता तिच्यात. मी किती खेपा म्हटलं, काकाजी, ते घ्या. तं हसत. म्हने, कायले, मले कोठं फुलाचं हाये?"

त्या चहा ठेवायला गेल्या. मी खाटेजवळ उभी राहिले. अठरा वर्षांपूर्वी नळाशी जे म्हणायचे होते ते मी त्या खोलीत एकदा मोठ्याने म्हणाले. मग उशीच्या वर, वीतभर अंतरावर, मी हात धरला... बराच वेळ धरला. सावली पडली नाही.